भिंत आणि सातबारा : १९९३ च्या किल्लारी भूकंपातील हानी व पुनर्वसन यांचा सामाजिक अन्वय

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्ती गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, हे विधान प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर ऐकू येते. याच्या नेमके उलट असलेले दुसरे विधान अभ्यासकांत अधिक रूढ आहे. आपत्ती कोणतीही असो, तिच्यात सर्वाधिक भरडला जातो तो समाजातील दुर्बल घटक, असे ते विधान होय. पहिले विधान भाबडे आहे हे दाखविण्यासाठी फारसे श्रम पडत नाहीत. दुसरे विधान मात्र इतक्या वेळा खरे ठरले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच आपल्याला वाटेनाशी झाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत झालेला भूकंप हे विधान तपासण्याची संधी देतो. या भूकंपात जीवितहानीचा क्रम आणि पुनर्वसनातील लाभाचा क्रम हे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला क्रम घराच्या भिंतीने ठरविला, तर दुसरा जमिनीच्या उताऱ्याने. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

दुष्काळाचा परिचित क्रम

महाराष्ट्राच्या इतिहासात आपत्ती म्हटले की प्रथम दुष्काळ आठवतो आणि आपत्तीविषयीच्या आपल्या कल्पनाही दुष्काळानेच घडविल्या आहेत. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल सादर केला. त्यात शेतमजूर आणि विणकरांसारखे ग्रामीण कारागीर यांची स्थिती सर्वांत हलाखीची असल्याचे नमूद आहे. यामागील कारण उघड आहे. पाऊस गेला की प्रथम मजुरी जाते, नंतर कारागिराचे गिऱ्हाईक जाते. लहान शेतकरी बैल विकून काही महिने काढतो आणि मोठा शेतकरी पेवातील धान्यावर तग धरतो. पेव असलेल्याला तर धान्याचे भाव चढल्याने लाभही होतो. १९७२-७३ च्या दुष्काळात शासकीय कामांवर असलेल्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली होती. त्या कामांवर लहान जमीनधारकही खडी फोडताना दिसले, परंतु ते मजुरांच्या मागून आले. दुष्काळ सावकाश चढत जातो आणि ज्याच्याजवळ जितका साठा, तितका त्याला अवधी मिळतो.

भूकंप असा अवधी देत नाही. किल्लारीचा धक्का पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसला आणि काही सेकंदांत संपला. त्या सेकंदांत धान्याचा साठा, बैलजोडी, पत किंवा जात यांपैकी कशाचाच थेट उपयोग नव्हता. माणूस कोणत्या छताखाली झोपला आहे, एवढ्यावरच सारे अवलंबून होते. अर्थात छत कोणते, हे पुन्हा पत आणि जात यांनीच ठरविलेले होते. मात्र येथे त्यांचा परिणाम उलट दिशेने झाला.

माळवदाचे घर

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, पेठ सांगवी या परिसरातील घरबांधणीची पद्धत समजल्याशिवाय या भूकंपातील हानी समजत नाही. हा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. दगड हाताशी, माती हाताशी, लाकूड मात्र दुर्मीळ. घराच्या भिंती अनघड दगड चिखलात बसवून रचलेल्या असत. दोन बाजूंना मोठे दगड आणि मध्ये दगडगोटे व माती यांची भर, अशी ही रचना होती. दोन बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. भिंतीची जाडी दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत जाई. वर लाकडी तुळया व फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, हेच माळवद. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी त्यावर नवी माती टाकली जाई. गळती थांबविण्याचा तोच उपाय होता. परिणामी घर जितके जुने, तितके त्याचे छत जड होत गेलेले असे.

या घराची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता माळवदाखाली जो गारवा मिळतो, तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. शिवाय जाड भिंतीला संरक्षणाचाही अर्थ होता. हैदराबाद संस्थानाच्या काळात, विशेषतः १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत, दणकट वाड्याचे मोल लोकांनी अनुभवले होते. दगडी वाडा ही सुरक्षिततेची आणि त्यामुळेच प्रतिष्ठेची खूण बनली. किती खणांचे घर, किती रुंद भिंत, यावरून घराण्याची ऐपत मोजली जाई.

येथे एक बाब नजरेआड होऊ नये. ज्या जुन्या वाड्यांत छताचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर तोललेला होता, त्यांपैकी अनेकांच्या भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि आतील माणसे वाचली. पुढील काळात लाकूड महाग झाले, खांब कमी होत गेले आणि तुळया थेट दगड-चिखलाच्या भिंतीवर टेकू लागल्या. भिंत हलली की छत खाली, अशी ती स्थिती होती. म्हणून ‘परंपरागत घरांनी माणसे मारली’ असे जे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. परंपरेतील महागडा भाग वगळून उरलेला भाग बांधला जात होता. या तपशिलाचा पुढील धोरणात विचार झाला असता, तर कदाचित दगडाविषयीची लोकांची धास्ती इतकी खोल गेली नसती.

गावाच्या कडेला वसलेल्या दलित वस्त्यांतील आणि भूमिहीनांच्या घरांचे चित्र वेगळे होते. तेथील घरे लहान असत. भिंती कमी उंचीच्या, काही ठिकाणी कुडाच्या, आणि वर पत्रा किंवा गवत-पाचटाचे छप्पर असे. जड माळवद पेलण्याइतक्या भिंती आणि तुळया परवडत नव्हत्या, म्हणूनच छप्पर हलके होते. धक्का बसला तेव्हा ही छपरे कोसळली तरी त्यांखालून माणूस जिवंत बाहेर येऊ शकत होता. दगड-मातीचे छोटे घर बांधलेली दलित कुटुंबेही होती आणि तीही गाडली गेली. त्यामुळे जातीची आणि छताची सीमारेषा तंतोतंत एकच होती असे मानू नये. तथापि गावाच्या मध्यभागी दाटीने उभ्या असलेल्या वाड्यांच्या तुलनेत कडेच्या वस्त्यांत जीवितहानी कमी झाली, हे निरीक्षण अनेक ठिकाणी नोंदविले गेले आहे. मध्यवस्तीतील अरुंद बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंती पडल्याने घराबाहेर पळालेलेही सापडले. गावठाणातील मानाची जागा त्या पहाटे सर्वांत धोक्याची ठरली.

अधिकृत आकड्यांनुसार या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या तुलनेत ती मध्यमच म्हणावी लागेल. त्या काळच्या भूकंपक्षेत्राच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. वास्तविक १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू होती आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच जाणवला होता. त्या दिवसांत कित्येक कुटुंबे घराबाहेर झोपत असत. वर्षभर काही घडले नाही, म्हणून ती पुन्हा आत आली. नकाशाने धोका नाही म्हटले आणि सवयीनेही तेच म्हटले.

एकाच छताखालील भेद

जात व वर्ग यांखेरीज आणखी एक भेद येथे विचारात घ्यावा लागतो. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण अधिक होते, असे भूकंपानंतरच्या सर्वेक्षणांतून दिसून आले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या होत्या. पुरुषांपैकी काही जण उशिरा परतून ओसरीवर, अंगणात वा देवळात झोपले. काही जण शेतात राखणीला होते. स्त्रिया मुलांना घेऊन आतल्या खोलीत होत्या. सुखवस्तू घरातील स्त्री उघड्यावर झोपणे तर शिष्टसंमतच नव्हते. ज्या घरात पडदा व अब्रू यांचा पगडा अधिक, त्याच घराची भिंत अधिक जाड, असा हा योग होता. केवळ ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ असे दोन गट कल्पून हानीचे मोजमाप केले, तर ही बाब हाती लागत नाही. वाड्याच्या आतही सर्वांच्या वाट्याला सारखे छत नव्हते.

२५०, ४०० आणि ७५०

भूकंपाने घातलेली ही उलथापालथ फार काळ टिकली नाही. पुनर्वसनाच्या पहिल्याच मोठ्या निर्णयाने जुना क्रम पूर्ववत केला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन प्रकल्पा’त पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. प्रत्येक कुटुंबाला भूकंपरोधक पक्के घर विनामूल्य मिळणार होते. मात्र घराचे क्षेत्रफळ कुटुंबाच्या जमीनधारणेवरून निश्चित झाले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट, अशी ती श्रेणी होती.

या निर्णयाच्या समर्थनार्थ बरेच काही म्हणता येते. मोठ्या शेतकऱ्याचे पडलेले घर मोठे होते. त्याला धान्य, अवजारे, कडबा, गुरे यांसाठी जागा लागते. सर्वांना सारखे घर दिले असते, तर गावातील वजनदार मंडळींनी स्थलांतरालाच विरोध केला असता आणि सारा प्रकल्प रेंगाळला असता, हा प्रशासकीय युक्तिवादही हलक्याने घेण्यासारखा नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्याच्या नावावर आयुष्यात पक्के छप्पर कधीच नव्हते, अशा भूमिहीन कुटुंबाला प्रथमच स्वतःच्या मालकीचे काँक्रीटचे घर मिळाले. दलित कुटुंबांच्या दृष्टीने हा बदल मोठा होता. तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरीही निकष म्हणून जमिनीची निवड का झाली, हा प्रश्न उरतोच. हानीचा निकष लावला असता तर कोणाचे किती मेले, काय गाडले गेले, हे पाहावे लागले असते. गरजेचा निकष लावला असता तर घरात माणसे किती, हे पाहावे लागले असते. जमीनधारणेचा निकष यांपैकी काहीच पाहत नाही. सहा माणसांचे भूमिहीन कुटुंब २५० चौरस फुटांत आणि तीन माणसांचे बागायतदार कुटुंब ७५० चौरस फुटांत, असे त्यातून निष्पन्न होऊ शकत होते. या निकषाचा खरा गुण असा की, तो तयार होता. तलाठ्याच्या दप्तरात सातबारा होता आणि त्यावर आकडा होता. दगड-मातीखाली सारे गाव गेले असता जे एक दस्तऐवज जसेच्या तसे शाबूत राहिले, त्याच्याच आधारे नवे गाव आखले गेले. महसुलासाठी निर्माण झालेल्या नोंदीने निवाऱ्याचा हक्क मोजावा, यात वसाहतकाळापासून चालत आलेल्या प्रशासकीय सवयीचे सातत्य दिसते. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराचे वेतन एक पौंड धान्याच्या मापाने बांधले होते. दोन्ही प्रसंगांतील माप वेगळे असले, तरी मोजायला सोपे असलेले परिमाण न्याय्यही मानण्याची वृत्ती तीच आहे.

सातबाऱ्यावर आणखी एक अडचण होती. त्यावर ज्याचे नाव नाही, तो नोंदीपुरता नसतोच. बटईने कसणारा, सालगडी, वाटणी न झालेल्या घरातील धाकटा भाऊ, विधवा सून यांचे गावातील स्थान सर्वांना ठाऊक असते, पण उताऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न पुनर्वसनात वादाचा ठरणे अपरिहार्य होते.

याच काळात मराठवाड्यात आणखी एक घडामोड चालू होती, तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. १९७८ मध्ये ज्या प्रश्नावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तो प्रश्न सोळा वर्षांनी मार्गी लागत असताना त्याच प्रदेशातील ५२ गावांची नव्याने आखणी होत होती. गावाची रचना मुळापासून बदलण्याचा असा प्रसंग एरवी येत नाही. जातनिहाय गल्ल्यांऐवजी क्षेत्रफळाच्या वर्गांनुसार घरांच्या रांगा लागल्या, हे खरे. पण भूमिहीनांत दलितांचे प्रमाण जेथे मोठे, तेथे २५० चौरस फुटांची रांग कोणाची असणार, हे सांगण्यास आकडेवारीची आवश्यकता नाही.

घर वाचले त्यांचे काय

नव्याने वसविलेल्या गावांवर जितके लिहिले गेले, तितके दुरुस्तीच्या कार्यक्रमावर लिहिले गेले नाही. वास्तविक व्याप्तीच्या दृष्टीने तो फार मोठा होता. तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण त्यात अंतर्भूत होते. नुकसानीच्या प्रमाणानुसार घरमालकास १७,००० किंवा ३४,००० रुपये मिळत. ही रक्कम हप्त्यांनी दिली जाई आणि काम मालकाने स्वतः करवून घ्यायचे असे. येथे जमिनीऐवजी नुकसान हा निकष होता. परंतु नुकसान मोजायचे तर आधी पडण्यासारखे काही असावे लागते. कुडाचे घर झुलले आणि उभे राहिले, तर त्याच्या मालकाला काय मिळणार? ज्या हलक्या छपराने जीव वाचविला, त्यानेच अनुदानाचा दावाही दुबळा केला.

याच कार्यक्रमातून मात्र एक वेगळी गोष्ट घडली. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. भिंतीत आरपार दगड बसले आहेत काय, कोपरे सांधले आहेत काय, हप्ता मिळाला काय, यांवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांनी केले. मराठवाड्यातील गावात अभियंत्याला आणि गवंड्याला प्रश्न विचारणारी बाई हे दृश्य नवे होते. भूकंपात स्त्रियांची हानी अधिक झाली, ही बाब सर्वेक्षणाच्या तक्त्यांत राहिली असती. या योजनेमुळे घराच्या बांधणीविषयी बोलण्याचा अधिकार काही प्रमाणात त्यांच्याकडे आला. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर सरसकट स्थलांतराऐवजी मालकानेच जागेवर घर बांधण्याच्या पद्धतीवर भर देण्यात आला. त्यामागे लातूरच्या या दोन कार्यक्रमांतील तफावतीचा अनुभव होता.

नवी गावठाणे

नव्या गावांतील रस्ते सरळ व रुंद, चौक मोठे आणि घरे सुटी-सुटी आहेत. दाटीमुळे माणसे मेली, हा अनुभव ताजा असल्याने लोकांनाही तेव्हा हीच रचना हवी होती. ती खर्चिक होती, कारण गाव पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जमिनीवर पसरले आणि ती जमीन शेतीचीच होती. मोठ्या शेतकऱ्याला मोटारसायकलमुळे अंतर फारसे जाणवले नाही. शेतमजूर स्त्रीचा मात्र कामावर जाण्याचा, पाणी आणण्याचा व सरपणाचा फेरा लांबला. कुंभार, लोहार यांसारख्या कारागिरांना घरालगतची कामाची जागा २५० चौरस फुटांत बसविता येईना. अपवादही होते. बाणेगाव येथे ‘मलयाळ मनोरमा’च्या साहाय्याने उभारलेल्या वसाहतीची आखणी लॉरी बेकर यांनी केली. तेथे घरे रांगेऐवजी सामाईक अंगणाभोवती गुंफलेली आहेत. असे प्रयोग मोजकेच राहिले. आराखडे वेगाने मंजूर व्हायचे तर चौकटीची आखणी सोयीची पडते.

२००२ मध्ये भूकंपक्षेत्राचा नकाशा सुधारण्यात आला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. नव्या गावांतील कुटुंबे तोवर आपापल्या घरांभोवती भर घालू लागली होती. कोणी पत्र्याची पडवी काढली, तर कोणी जुन्या गावातून आणलेल्या तुळया व फाडी वापरून स्वयंपाकघर किंवा गोठा बांधला. दगडाची भीती असूनही दगड आणला गेला, कारण तो फुकट होता आणि मुलांची लग्ने होऊन घरात माणसे वाढली होती. ७५० चौरस फुटांच्या घरात ही वाढ आतल्या आत सामावून घेणे शक्य होते. २५० च्या घराला ती भिंतीबाहेर, स्वतःच्या पदरच्या पैशाने आणि बहुधा अभियंत्याच्या सल्ल्यावाचून करावी लागली.